टेकवून धरलेले तुकडे

आज सकाळी तिनं मला चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला शिकवलं. आमच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. चष्मा सैल झाला की मी तो निमूटपणे काढून तिच्यासमोर ठेवायचा, आणि तिनं तो नीट करून माझ्या नाकावर चढवायचा, हीच आमची रीत. आज चहा झाल्यावर तिनं शिवणाच्या डब्यातून तो पितळी मुठीचा बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, खिडकीशी दोन खुर्च्या ओढल्या आणि म्हणाली, "या इकडे. हे आता तुम्हालाही यायला हवं." मी जाऊन बसलो. तिनं माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. काचेच्या कडेला जो स्क्रू असतो तो कसा मोकळा करायचा, फ्रेम बोटांत कशी चिमटीत धरायची, पहिला वेढा कसा अगदी अलगद घालायचा, हे ती सावकाश, गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होती आणि मी मान हलवत होतो. मला काहीच दिसत नव्हतं. चष्मा तिच्या हातात होता, आणि चष्म्याशिवाय मला तिचे हात म्हणजे उजेडात हलणारे दोन फिकट डाग. हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. साधी गोष्ट होती, हसण्यावारी गेली असती. पण 'आता' या शब्दाशी माझं मन अडकून पडलं होतं. आता म्हणजे कधीपासून? आता म्हणजे का? "आलं लक्षात?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आलं." मग तिनं स्क्रू पुन्हा सैल करून सगळं माझ्या हातात दिलं, आणि तेवढ्यात शेगडीवरचं दूध वर आलं म्हणून ती उठून गेली. मी चाचपडत तो स्क्रू फिरवला. तो दोन वेढे गेला आणि कुठंतरी तिरका अडकला. "झालं?" तिनं आतून विचारलं. "झालं," मी म्हणालो.

कामावर जायला मी पायीच निघतो. गुडघे कुरकुरतात, पण बसमध्ये उभं राहण्यापेक्षा ते बरं. वाटेत लोखंडी पत्र्यांची गोदामं आहेत, एक बंद पडलेलं छापखान्याचं घर आहे, आणि पुढे चढ. चढ संपेस्तोवर माणूस दमतो आणि दमलेल्या माणसाला विचार सोसत नाहीत, म्हणून मला तो चढ आवडतो. आज मात्र चढावरसुद्धा तिच्या मुलीचा फोन डोक्यातून गेला नाही. मुलगी म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याची. तो गेला तेव्हा पोर कॉलेजात होती. मला ती पहिल्यापासून काका म्हणते आणि काकांशी जेवढं बोलावं तेवढंच बोलते. गेल्या आठवड्यात तिनं फोन करून आईला सांगितलं की आता दुसरं बाळ येतंय, नोकरी सोडवत नाही, तर आई, तू आमच्याकडे कायमची ये. मोठं घर बघतोय, एक खोली तुझी. काकांचं काय ते काका ठरवतील. हे शेवटचं वाक्य तिनं वाईट मनानं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. मलाही दुसऱ्याबद्दल बोलायचं तर असंच काहीतरी सुचलं असतं. त्या मोठ्या घराच्या मालकाला आजच्या तारखेपर्यंत कळवायचं, तेव्हा आज संध्याकाळी पुन्हा फोन करते, नक्की काय ते सांग, असं तिचं म्हणणं. बायकोनं हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "तुझ्या मनावर आहे." मला वाटलं हे मोठ्या मनाचं बोलणं झालं. ती "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

त्यानंतर घर उलट हलकं झालं होतं. ती बारीकसारीक गोष्टींवर हसायची, माझ्या पुस्तकांच्या ढिगावरून कुरबुर करायची नाही, कपाटाचे वरचे कप्पे पुसून काढायची. मला जरा बरंच वाटत होतं. बरं वाटावं याची आता चढावर उभं राहून धाप टाकताना लाज वाटली, कारण ज्या कामात माझं आयुष्य गेलं त्यात हीच गोष्ट नवख्या माणसाला पहिल्यांदा शिकवतात. पोलादाची सळई यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढायची. आधी ती सगळीकडे सारखी ताणली जाते, जोर दाखवणारा काटा चढत जातो. मग एका जागी, आणि कुठल्या जागी ते कुणालाच आधी सांगता येत नाही, ती बारीक व्हायला लागते. कामगार म्हणतात, मान पडली. आणि मान पडली की काटा उतरायला लागतो. नवख्याला वाटतं जोर कमी झाला, सळईला आराम पडला. तसं नसतं. जोर पेलायचं अंगच तिथं कमी होत चाललेलं असतं. थोड्या वेळानं धाड असा आवाज होतो आणि दोन तुकडे दोन जबड्यांत राहतात.

माझं काम त्या आवाजानंतर सुरू होतं. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर या खासगी प्रयोगशाळेच्या बाईंनी मला ठेवून घेतलं, ते एवढ्याचसाठी. दोन तुकडे तुटल्या जागी पुन्हा एकमेकांना टेकवायचे आणि मान सर्वांत बारीक कुठं आहे ते बघून तिथला व्यास घ्यायचा. एकदा असा, एकदा त्याला आडवा, कारण तुटताना मान नेहमी गोल राहतेच असं नाही. मूळ जाडीच्या मानानं कापाचं क्षेत्रफळ किती घटलं ते काढायचं. घट जेवढी जास्त, तेवढं ते पोलाद तुटण्याआधी वळणारं, ताणणारं, सोसणारं. घट कमी म्हणजे ठिसूळ. ते न सांगता जातं. एवढंच. हे यंत्रसुद्धा करू शकतं आणि दुसरीकडे करतंही. बाई म्हणतात, तुमचा हात आहे तोवर राहू दे. त्यांचं हे बोलणं मला पटतं असं नाही. मी रोज संध्याकाळी स्वतःला विचारतो की आजचे आकडे खरेच होते का. पण नाही म्हणण्याचं धाडस नाही म्हणून मी येत राहतो.

यंत्रावर जो माणूस असतो त्याला सगळे पैलवान म्हणतात. अंगानं तसाच आहे, आणि सळई तुटताना तो दर वेळी डोळे मिटून घेतो. तुटलेले तुकडे तो ट्रेमध्ये जोडीजोडीनं मांडून माझ्या टेबलावर आणून ठेवतो आणि विचारतो, "काय काका, लावताय ना लग्न?" तुकडे टेकवण्याला इथे लग्न लावणं म्हणतात. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की तो विनोद आहे हेच विसरून गेलो होतो. आज तो ऐकला आणि मी खाली ट्रेकडे बघत राहिलो. पैलवान म्हणाला, "आज गुरुजींचा मूड नाही वाटतं," आणि गेला.

ट्रेमध्ये दोन जोड्या होत्या. एका लोहारखान्यानं पाठवलेल्या जाड दांड्याचे दोन नमुने, एक ह्या टोकाचा, एक त्या टोकाचा. क्रमांक फक्त वरच्या अर्ध्यावर ठोकलेला. टोकं आखूड होती, खालच्याला जागा उरली नव्हती. मी पहिली जोडी उचलायला वाकलो आणि चष्म्याची उजवी काच निखळून सरळ ट्रेमध्ये पडली. ती पकडायला मी हात घातला, ट्रे कलला, आणि चारही तुकडे एकमेकांवरून घरंगळत कडेला जाऊन थांबले. काच फुटली नाही. स्क्रू मात्र कुठंतरी जमिनीवर गेला. आवाजानं पैलवानानं तिकडून मान वळवली. मी हात हलवून काही नाही असं खुणावलं.

तेव्हाच त्याला हाक मारायला हवी होती. पण मी तसा माणूस नाही. डावा डोळा मोतीबिंदूनं धुरकट झालेला, उजव्यासमोर नुसती फ्रेम, आणि मी बोटांच्या भरवशावर कामाला लागलो. बोटांचा मला थोडासा गर्व आहे. एवढा एकच असावा. पहिल्या कारखान्यात मी लागलो तेव्हा तिथं एक म्हातारे फोरमन होते, आम्ही त्यांना वस्ताद म्हणत असू. ते नव्या माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि तळहातावर दोन तुकडे ठेवायचे. लाव. एकाच्या टोकाला वाटी असते, दुसऱ्याच्या टोकाला त्या वाटीत बसणारा उंचवटा. बोटांनी कळायला हवं, नीट बसलं की नाही. मी घाबरून अंगठ्यानं दाबायचो. वस्ताद बोटावर चापट मारायचे. दाबू नकोस, टेकव. दाबलं की तुला जे हवं तेच होणार, मग मोजायचं कशाला? माझ्यासारख्या भित्र्या माणसाला हे वाक्य इतकं पसंत पडलं की मी ते कारखान्याबाहेरही नेलं. कुणावर दाब द्यायचा नाही. पहिल्या बायकोवरही मी कधी दिला नाही. ती दोन वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि एका दुपारी बॅग भरून निघाली. दारात म्हणाली, "तुम्ही कधी काही म्हणतच नाही हो." त्यावरही मी काही म्हणालो नाही. ती न सांगता तुटली अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ठिसूळ, असं मी मनात म्हणत असे, माझ्याच धंद्यातला शब्द वापरून. मान पडली होती आणि मी तिकडे बघितलं नाही, ही शंका फार उशिरा आली.

आणि मग मी चष्म्याच्या त्या दुकानात गेलो. ती काउंटरच्या मागे असायची. तिनं फ्रेमची काडी गरम करून वाकवली, दोन्ही हातांनी चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि माझ्या कानांमागे बोटं फिरवत विचारलं, दुखतंय का? दुखत होतं. मी नाही म्हणालो. पंधरवडाभर तो चष्मा मी तसाच वापरला, कानामागे वण उठला, आणि दुसऱ्या कुठल्या तरी कामाचं निमित्त काढून पुन्हा दुकानात गेलो. तिनं चष्मा काढला, वण बघितला आणि म्हणाली, "दुखत होतं तर सांगायचं नाही का?" त्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं, जणू असा प्राणी तिनं पहिल्यांदाच पाहिला. पुढचंही सगळं तिनंच केलं. तुम्ही काही विचारणार नाही, तेव्हा मीच विचारते, असं ती एका रविवारी बागेच्या बाकावर म्हणाली होती. दोघंही आधीच एकेकदा तुटलेले. आमचे दोन अर्धे एका सळईचे नव्हते हे आम्हाला ठाऊक होतं, तरी ते बसले. का बसले ते मी कधी तपासलं नाही. तपासायला भीती वाटली असणार.

बोटांनी पहिली जोडी लावली. बसली, पण पूर्ण नाही. एका बाजूला नखाला बारीकशी पायरी लागत होती. मी अंगठ्यानं जरा दाबलं. पायरी गेली असं वाटलं. व्यास घेतला, आडवा घेतला. दुसरी जोडी तशीच लावली, तशीच दाबली. डावा डोळा व्हर्निअरच्या मापपट्टीला जवळजवळ चिकटवून आकडे वाचले. दोन्ही नमुने जवळजवळ सारखे निघाले, जेवढी घट हवी त्याच्या किंचित वर. एकाच दांड्याची दोन टोकं, सारखी यायचीच. मी उत्तीर्ण म्हणून खूण केली आणि खुर्चीत मागे टेकलो. फार दमल्यासारखं झालं होतं. काम करून माणूस दमतो तसं नव्हे, काहीतरी धरून ठेवल्यावर हात दमतात तसं.

मधल्या सुट्टीत पैलवान आला. माझ्या चष्म्याकडे बघून त्यानं विचारलं नाही, सरळ काढूनच घेतला. मोटारीच्या वायंडिंगमधली तांब्याची तार त्याच्याकडे असते. तिचा एक बारका केस काढून त्यानं स्क्रूच्या भोकातून ओवला, काच बसवली आणि पीळ दिला. एवढ्या जाड बोटांनी ते कसं केलं कोण जाणे. "घ्या. वहिनींना दाखवू नका, नाहीतर माझ्या नावानं खडे फोडतील." मी चष्मा घातला. टेबल एकदम जवळ आलं. ट्रेमधल्या जोड्या समोर होत्या, आणि एका क्षणात दिसलं. पहिल्या जोडीतली वाटी करडी होती, जाड कापड फाटावं तशी तंतूतंतूची. तिच्यासमोरचा उंचवटा मात्र चकाकत होता, बारीक बारीक कण उजेडात लुकलुकत होते. एकाच तुटण्याची दोन तोंडं अशी असत नाहीत. पैलवानही वाकून बघत होता. त्याची काही चूक नव्हती तरी तो हळूच म्हणाला, "काका, अदलाबदल झाली हो. ह्याची नवरी त्याला."

मी खालचे अर्धे बदलले. करडी वाटी करड्या उंचवट्याला टेकवली आणि बोटांना काही करावंच लागलं नाही. ते एकमेकांत गेले, मधली फट मिटली. दुसरी जोडीही तशीच बसली. पुन्हा मोजलं. पहिल्या नमुन्याची घट चांगली भरपूर. दुसऱ्याची हवी त्यापेक्षा कमी. म्हणजे दांड्याचं एक टोक ठीक होतं, दुसरं ठिसूळ, आणि मी दोघांचे अर्धे एकमेकांना जुळवून, अंगठ्यानं दाबून, दोघांनाही पास करून टाकलं होतं. बाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आधी पास केलं होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं," त्या म्हणाल्या, "दांडा परत पाठवू." मग चष्म्यातल्या तारेकडे बघून त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं. मी गेलो नाही. टेबलाशी बसून त्या दोन जोड्यांकडे बघत राहिलो.

दाबू नकोस, टेकव. नीट बसलेली जोडी मी दोन बोटांत उभी धरली होती. व्हर्निअर उचलायला एक बोट काढलं तर वरचा अर्धा सरकून टेबलावर पडला. इतकी वर्षं हे मी रोज बघत होतो. टेकवलेले तुकडे आपसूक राहत नाहीत. इतके नीट बसले तरी नाहीत. कुणीतरी धरावं लागतं. वस्तादांनी दाबू नकोस म्हटलं होतं, सोड म्हटलं नव्हतं. त्यांच्या हाताकडे मी कधी नीट पाहिलंच नसणार; ते बोलत असताना त्यांची बोटं कायम तुकड्यांभोवती असायची. तुझ्या मनावर आहे, हे मी कपड्यांच्या घड्यांसमोर उभा राहून म्हणालो तेव्हा मी दाब देत नव्हतो, ते खरं. पण हातही काढून घेतला होता. अर्थात हे माझे विचार. लोखंडाची गोष्ट माणसांना लावणाऱ्यांचा मला पुस्तकांतसुद्धा कंटाळा येतो. आणि उद्या ती गेलीच, तर ती तिची मुलगी आहे, ते तिचं नातवंड आहे, त्यात अडवणारा मी कोण? असं बरंच उलटसुलट मनात करत मी उतारावरून घरी आलो. छापखान्यापर्यंत बोलायची चार वाक्यं तयार केली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांतली दोन गेली. दारापर्यंत बाकीची गेली.

ती फोनजवळच्या खुर्चीत बसली होती. दिवा लावलेला, हातात विणकाम नाही, पुस्तक नाही. खोलीत कपाटाच्या वर पूर्वी बॅग असायची तिथं आता रिकामी चौकोनी जागा होती, पुसलेली. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, "काय सांगू हो तिला?" मी तिच्यासमोर बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला, नेहमीसारखा. तिनं तो उचलला. तिच्या बोटाला तार लागली असणार.

"हे काय?"

"तार आहे. स्क्रू पडला."

"सकाळी तर घट्ट केलात."

"नाही केला. मला काही दिसलंच नाही सकाळी. चष्मा तुझ्या हातात होता."

तिचा चेहरा म्हणजे दिव्याखालचा एक उजळ डाग होता, आणि मला वाटतं म्हणूनच मला पुढचं बोलता आलं. मी त्या डागाला म्हणालो, "तू कायमची जाऊ नयेस. मला नको आहे ते." मग तिचा आवाज आला, रागापेक्षा नवलाचा, तो काउंटरमागचा आवाज. "दिसत नव्हतं तर सांगायचं नाही का?" आणि थोड्या वेळानं, हळू, "मी आठवडाभर कुणाच्या तोंडाकडे बघत होते?"

फोन वाजला. ती लगेच उठली नाही. मग उठली, चष्मा तसाच हातात घेऊन. पलीकडून मुलगी बराच वेळ बोलली असावी. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवून ऐकत होतो. ती म्हणाली, "येते ना. बाळाच्या वेळी येते, राहते चार महिने. तुझं सगळं मार्गी लागल्याशिवाय नाही यायची परत." मग थांबली. "नाही, मोठं घर माझ्यासाठी नको घेऊस. खोलीचं नको. कायमचं नाही जमायचं मला." पुन्हा थांबली. मुलीनं काय विचारलं ते मला अंदाजानं कळलं, कारण तिनं आधी पटकन म्हटलं, "छे गं, काका कशाला अडवतील? काकांनी कधी कुणाला अडवलंय?" नंतर चष्म्याच्या तारेवर ती अंगठा फिरवत असल्याचा बारीक आवाज आला.

"नाही, थांब," ती म्हणाली. "अडवलं. आज अडवलं."

ती ते म्हणाली तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. चष्मा तिच्या हातात होता.